खालच्या हौदाचं पाणी

९ ऑक्टोबर २०००

केराना वहिनींना स्तामोचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. खरं तर याला उशीर म्हणायचीही लाज वाटते. दादाला जाऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले, आणि मी आज कागद घेऊन बसलोय. मध्ये तीनदा बसलो होतो. एकदा पेनातली शाई वाळलेली निघाली, एकदा तुमचा पत्ता सापडेना, आणि एकदा सगळं हाताशी होतं पण काय लिहायचं तेच सुचेना. पत्ता आता शेजारच्या मारुडाकडून घेतला. ती म्हणाली, "चार यत्ता शिकलायस ना? तेवढ्यात एक पत्र बसतं. लिही." तिची जीभ तुम्हाला ठाऊक आहेच.

तुम्ही कशा आहात? गुडघे काय म्हणतात? लेक नीट बघते ना? मिल्का लहानपणापासून मायाळू, पण तिकडे रुसेत डॅन्यूबवरून गार वारा येतो म्हणतात, आणि शहरातल्या खिडक्या काही खऱ्या नसतात. फटीत चिंध्या भरा.

लिहिण्याचं कारण असं, की आपला पाणवठा आटला.

ऑगस्टात तोटीची धार पेन्सिलीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग नुसते थेंब. मारुडा भांडं खाली ठेवून जपमाळ ओढल्यासारखे थेंब मोजत बसायची. दोन सप्टेंबरला थेंबही थांबला. आता अकरा घरांत चुली पेटतात, त्या अकराही घरांचं पाणी गाढवावरून नदीवरून येतं, आणि नदीसुद्धा गुडघाभर नाही. उन्हाळाच तसा झाला. सगळीकडे हेच आहे. तेव्हा याला कोणाचा दोष असं काही म्हणता येत नाही. दुष्काळ आहे, दुसरं काही नाही.

पाणवठा दादाचा, म्हणून तुम्हाला कळवलं. भिंतीवर नाव त्याचं एकट्याचंच आहे.

तुमचा दीर,
स्तामो

ता. क. पाठीचा कपचा उडालेलं कासव आठवतं का? तुम्ही त्याला खपली म्हणायचात. ते अजून जिवंत आहे. रोज खालच्या हौदापाशी येतं.


२६ ऑक्टोबर, संत दिमितरचा दिवस

वहिनी, तुमचं उत्तर नाही. पत्र पोहोचलं नसेल. की तिकीट कमी पडलं? या वेळी दोन लावतो. की तुम्ही आजारी आहात? आजारी असाल तर मिल्काला सांगा, तेवढं तरी कळवायला. मला काल स्वप्नात तुमची खुर्ची रिकामी दिसली.

शहरातून पाणी शोधणारा एक माणूस आला होता. कोवळाच होता, पण ओळख नसताना "आजोबा, आजोबा" करत होता. जमिनीवर यंत्र ठेवून हिंडला आणि म्हणाला, "आजोबा, पाणी मरत नसतं. ते जातं. इथे खाली कधी काही फेरफार केला होता का?"

मी म्हणालो, नाही.

पाद्रीबाबा सावा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते तसे सगळ्यांकडेच पाहतात, त्यांची नजर अधू आहे. पण मला ते लागलं.

आणखी एक. खपली सप्टेंबरभर त्या कोरड्या हौदाच्या कडेला मान लांब करून बसायची. पाणी येईल म्हणून. मी दोन दिवस वाडग्यातून पाणी नेऊन तिच्यापुढे ठेवलं. तिसऱ्या दिवशी मारुडाने पाहिलं. म्हणाली, "काय रे स्तामो, कासवाची चाकरी? कसलं प्रायश्चित्त घेतोयस?" ती गंमतच करत होती. पण मी वाडगा घेऊन घरी आलो, आणि परत गेलो नाही. खपली आणखी आठवडाभर येत होती. मग थंडी पडली.

बटाटे यंदा काहीच झाले नाहीत. लिहा.

स्तामो


७ डिसेंबर

वहिनी,

काल संत निकोलाच्या सणाला पोस्टमन आला तेव्हा मी मासा साफ करत होतो. तुमचं कार्ड खवले लागलेल्या हातांनीच घेतलं. त्यावर बोटीचं चित्र आहे आणि मागे एक ओळ.

"खालचं तोंड कोणी बुजवलं?"

मासा तसाच राहिला. मांजरीने नेला. नेऊ दे.

तुम्हाला ठाऊकच असणार. तरी तुम्ही माझ्या तोंडून वदवून घेताय, तर घ्या. मी बुजवलं.

तुम्हाला आठवतं, पाणवठ्याला दोन तोंडं होती. वरची तोटी माणसांची, आणि खाली गुडघ्याच्या उंचीवर बोटाएवढं भोक, रानातल्या जनावरांच्या हौदाचं. त्या हौदावर डुकरं यायची. चिखलात लोळायची आणि जाताना माझे बटाटे उकरायची. मी दादाला म्हणालो, खालचं बंद कर. तो म्हणाला, "बटाटे तुझे, पाणी त्यांचं." मी म्हणालो, "डुकरांनी दगड वाहिले होते का रे तुझे?" तो हसला. मला त्या हसण्याचा फार राग आला.

चाळीस वर्षांचा राग होता, वहिनी. त्या भिंतीचा प्रत्येक दगड मी ओढ्यातून गाढवावर चढवून आणला. दोन गाढवं मेली माझी. आणि वरती काय कोरलं? "वल्कोने बांधला." माझं नाव कुठेही नाही. मी कधी बोललो नाही. आपल्या घरात बोलायची रीतच नाही.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात तुम्ही दादाला घेऊन इस्पितळात होतात, तेव्हा मी अर्धी पाटी सिमेंट कालवलं आणि ते भोक लिंपून टाकलं. भर दुपारी. कोणापासून लपवलंही नाही.

दादा घरी आला, त्याने पाहिलं, आणि माझ्याशी सात आठवडे एक शब्द बोलला नाही. रोज तिपाई घेऊन त्या कोरड्या हौदाशेजारी बसायचा. मला वाटायचं, हा बसून मला शाप देतोय. मग तो गेला. तुम्ही विचाराल, मातीला का आला नाहीस? आलो होतो. फाटकाबाहेर उभा होतो, तुतीच्या झाडामागे. तुम्ही पाहिलं असेल, नसेल.

आता रात्रंदिवस एकच विचार. देवाने पाणी उचलून नेलं. त्याच्या लेकरांच्या तोंडचं मी तोडलं, त्याने माझ्या तोंडचं तोडलं. हिशेब सरळ आहे. पण बाकीच्या दहा घरांनी काय केलं होतं?

हा हिशेब कोणाला सांगितलेला नाही. आधी तुम्हाला सांगतोय.

स्तामो


२१ जानेवारी २००१

वहिनी, वहिनी,

बसून वाचा. उभ्याने वाचू नका.

आधी बाप्तिस्म्याच्या सणाचं सांगतो, म्हणजे क्रमाने होईल. यंदा क्रूस बुडवायला पाणवठा नव्हता, म्हणून पाद्रीबाबांनी तो मारुडाच्या कपडे धुण्याच्या टपात बुडवला. टपाला साबणाचा वास होता. मारुडा सगळ्यांना सांगत होती, "घ्या घ्या, यंदा आशीर्वाद फेसासकट आहे." लोक हसले. मी मात्र तिथेच पाद्रीबाबांच्या बाहीला धरलं, बाजूला नेलं, आणि सगळं सांगून टाकलं. तुम्हाला लिहिलं होतं त्यामुळे सोपं गेलं. एकदा वाट पडलेली होती.

ते म्हणाले, "तुला वाटतं देव पाणी काढून घेतो? अरे, तो तुझ्यासारखा असता तर आपण कधीच तहानेने मेलो असतो." मग म्हणाले, "तुझं काम तू केलंस. आता त्याने काय केलं ते जाऊन बघ की."

कुठे बघू, असं मी विचारलं नाही. मला राग आला होता.

मग बर्फ पडलं. दोन दिवस सारखं. काल सकाळी उघडलं, तेव्हा मी पाणवठ्यापर्यंत गेलो, का ते ठाऊक नाही. बर्फावर पावलं होती. सशाची, कोल्ह्याची, हरणाची. पाणवठ्याजवळ कोणी थांबलेलं नव्हतं. सगळी बाजूने पुढे गेली होती, उताराने खाली. वेगवेगळ्या बाजूंनी येऊन एकाच वाटेला लागलेली, जशी रविवारी माणसं चर्चच्या वाटेला लागतात. मध्येच डुकरांनी खणलेला चर. एका ठिकाणी लांडग्याचा पंजा, हरणाच्या खुरावरच उमटलेला.

माझा गुडघा, तुम्हाला माहीत आहे. अर्धा उतार मी बसून घसरत उतरलो. पॅन्ट फाटली. खाली रानपेराच्या झाडामागे, ओकाच्या झाडांच्या दाटीत, वाफ दिसली. मला वाटलं धूर, कोणी जाळ केलाय.

पाणी, वहिनी! जमिनीतून उगवल्यासारखं, उबदार, भांडंभर जागेतून उसळतंय, आणि भोवतालचं बर्फ वितळून हिरवं गवत उभं आहे जानेवारीत. एक कोंबडीएवढा पक्षी त्यात अंघोळ करत होता. मला पाहून उडालासुद्धा नाही.

मी तिथे बर्फात बसून राहिलो. म्हणजे मी वर ते खालचं तोंड बुजवलं, दर वर्षी बर्फ वितळण्याच्या दिवसांत आत पाणी चढलं, ते एकट्या तोटीत मावेना, त्याने भिंतीमागे भेग पाडली आणि खालच्या खाली निघून गेलं. ज्यांचं होतं त्यांच्याकडे. आम्ही अकरा घरं वर बसून आभाळाकडे तोंड करून रडत होतो, आणि खाली सशांची चैन चालली होती.

मी हसलो. मोठ्याने. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग रडलो, पण ते वेगळं.

पण मी काळजीखोर माणूस. आता वाटतंय, दुसरंच कुठलं पाणी असलं तर? म्हणून बसच्या ड्रायव्हरबरोबर एक बाटली पाठवतोय. बुचाला मेण लावलंय. तुम्ही ते पाणी चाळीस वर्षं प्यायलात. चाखून सांगा, आपलंच आहे का. मला माझ्या जिभेचा भरवसा नाही, तिला जे हवं तेच लागतं.

तुमचा
स्तामो


११ मार्च

वहिनी,

तुमचं दुसरं कार्ड आलं. पुन्हा तीच बोट. "पाणी आपलंच आहे. हौद साफ कर."

खरं सांगतो, चिडलो. चार पानं लिहिली मी, आणि मोलकरणीला सांगावं तसं हौद साफ कर! मारुडाला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "बायका दोनदा सांगत नाहीत. झाडू घे."

घेतला. हौदात तीन वर्षांची ओकाची पानं कुजली होती, त्याखाली गाळ, त्याखाली चुन्याचा थर. हौद बसवला तेव्हा मी मिठागरावर कामाला होतो, आणि परत आलो तेव्हा तो भरलेलाच होता. मी त्याचा तळ आयुष्यात कधी पाहिला नव्हता. परवा खरवडता खरवडता आतल्या भिंतीवर अक्षरं लागली. मला वाटलं, तडे आहेत. ओल्या चिंधीने पुसलं, मग गुडघे टेकून, जनावरासारखं तोंड खाली घालून वाचलं.

"पाणी देवाचं. दगड स्तामोने वाहिले."

दादाचंच अक्षर. त्याचा 'स' नेहमी उजवीकडे कलतो.

तुम्हाला माहीत होतं. छिन्नी कोण धरून बसलं होतं, तुम्हीच ना? चाळीस वर्षं रानातलं प्रत्येक जनावर माझ्या नावावरून पाणी पीत होतं, आणि मी त्याच नावाच्या वरचं भोक सिमेंटने बंद केलं. त्याने नाव वर घातलं नाही, कारण वर माणसं वाचतात आणि भांडतात. की दुसरंच काही कारण होतं? तुम्ही सांगा. मी रात्री उठून उठून विचारतो आणि भिंत काही बोलत नाही.

आणि छिन्नीचं. शेवटच्या दिवसांत दादाने त्याची छिन्नी हौदाच्या काठावर ठेवलेली असायची. विसरला असेल म्हणून मी ती उचलून खोपटात टांगली. काल लक्षात आलं. आपल्याकडची रीत: ज्याने पाणी बंद केलं त्यानेच आपल्या हाताने उघडायचं, दुसऱ्याने उघडलं तर ते गावाला लाभत नाही. त्याला हात लावता येत नव्हता. तो शाप देत बसला नव्हता. तो वाट पाहत होता. अवजार काठावर ठेवून.

मी खोपटातून छिन्नी आणली. सिमेंट फोडायला अडीच तास लागले. दादाने पाच मिनिटांत फोडलं असतं.

मग भेग. पाणी शोधणारा तो शहरवाला पुन्हा येऊन म्हणाला, भेगेला सिमेंटचं इंजेक्शन देऊ. मी म्हणालो, नको, सिमेंट पुरे झालं. जुन्या पद्धतीने ओढ्यातली निळी चिकणमाती आणली आणि पायांनी तुडवली. मी, मारुडा आणि पाद्रीबाबा, झगा कमरेला खोचून. तिघांची वयं मिळून दोनशे तेवीस. मारुडा म्हणाली, "बाबा, तुमच्या पोटऱ्या बघून कोणी पाप करणार नाही, निश्चिंत तुडवा." माती भेगेत ठोकून बसवली. पण सगळी नाही बुजवली. खालच्यांसाठी तीन बोटं फट राखली. रानपेराखाली ज्यांना सवय झालीय त्यांना आता परत वर चढून या असं कोण सांगणार?

अजून पाणी आलेलं नाही. मी रोज कान लावून बसतो. आतून आवाज येतो असं मला वाटतं, मारुडा म्हणते तो माझ्याच पोटाचा आहे. उपासाचे दिवस आहेत.

स्तामो


२ एप्रिल

वहिनी,

आलं.

आधी खालच्या तोंडाने आलं, गुरुवारी सकाळी. गढूळ, मग दुधासारखं, मग स्वच्छ. वरची तोटी कोरडीच. लोक जमले आणि म्हणायला लागले, आता खालचं बंद कर, म्हणजे वर चढेल. तुम्हाला वाटेल मी गांगरलो असेन. नाही. मी हौदाच्या काठावर बसलो आणि म्हणालो, "आधी त्यांचं. आपण थांबू." मारुडा म्हणाली, "ऐका, डुकरांचा वकील बोलतोय." पण तीही थांबली. तीन दिवस सगळं गाव थांबलं. काल दुपारी तोटी खोकली, दोनदा, म्हाताऱ्यासारखी, आणि धार लागली. मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी आहे. कासवही जागं झालंय. खपलीने हौदाकडे एकदा मान वर करून पाहिलं, आणि सावकाश उताराने रानपेराकडे निघून गेली. तिला दोन्ही ठिकाणं माहीत झाली. आमच्या आधी.

मी किती वर्षं काळजी केली, वहिनी. पावसाची, बटाट्यांची, डुकरांची, देव बघतोय का याची. आणि तो बघत होता, पण मी समजत होतो तसा नाही. फौजदारासारखा नाही. तुम्ही जेवताना ताटाकडे बघायचात ना, कोणाचं काय संपलं ते, तसा.

आता अडचण एकच. धार चालू आहे, हौद भरलाय, माझं नाव पुन्हा पाण्याखाली गेलंय, जाऊ दे, तिथेच बरं आहे. पण वरचं पाणी कोणी पीत नाही. नव्याने उघडलेल्या पाण्याचा पहिला घोट बांधणाऱ्याच्या घरातल्या बाईने घ्यायचा, त्याशिवाय ते उघडलं असं धरत नाहीत. ती बाई तुम्ही. अकरा घरं तोटीपुढे रिकामी भांडी मांडून बसलीत आणि अजून नदीवरून पाणी आणतायत. मारुडा म्हणते, "येत नसेल तर मी रुसेला जाऊन तिला पाठुंगळी मारून आणते, पण आधी नीट विचार."

तर मी नीट विचारतो. येता का?

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी, वीस एप्रिलला, पाद्रीबाबा पाणवठ्यावर प्रार्थना म्हणतील. बस चौकात बाराला थांबते. मी गाढव घेऊन उभा राहीन, खोगिरावर जाड गोधडी टाकून. तुमच्या घरातली चूल मी पेटवून ठेवली आहे, दार उघडं ठेवून ओल घालवली आहे, उंदरांचं पाहिलं आहे. मिल्काला सांगा की म्हातारा आता भांडत नाही. आणि मनात राग असला तरी या. राग घेऊन आलेलं माणूससुद्धा पाणी पितं.

दादाची छिन्नी हौदाच्या काठावर ठेवली आहे, जिथे तो ठेवायचा तिथे. गंजू नये म्हणून तेल लावलंय. तुम्ही सांगाल तेव्हा उचलीन.

चार शब्दांचं कार्ड पाठवा. तीच बोट असली तरी चालेल. नाही म्हणायचं असलं तरी लवकर पाठवा, म्हणजे मी त्या दिवशी चौकात फार वेळ उभा राहणार नाही. पण वहिनी, हो म्हणा. आणि लगेच म्हणा. पाणी वाहतंय, आणि कोणीतरी पहिला घोट घ्यायचा आहे.

तुमचा दीर,
स्तामो